लेसरने धातूवर पाणी न टिकणारा पृष्ठभाग करताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मशीनवरून तुकडा उतरवला, त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि थेंब गोल राहण्याऐवजी क्षणात पसरून खाचांमध्ये जिरला. इथे बहुतेक जण लेसरची पॉवर वाढवतात. परत थेंब, परत तोच प्रकार, पॉवर आणखी वर. चौथ्या प्रयत्नापर्यंत पृष्ठभाग काळा पडलेला असतो आणि ‘या मशीनवर हे जमत नाही’ असं ठरवून काम सोडलं जातं. प्रत्यक्षात पहिलाच तुकडा बरोबर असू शकतो. चूक एवढीच की तो त्याच दिवशी तपासला.

लेसर पाणी झटकणारा पृष्ठभाग बनवत नाही. तो फक्त खाचा आणि उंचवटे बनवतो. ताज्या कोरलेल्या धातूवर नवा, स्वच्छ ऑक्साइडचा थर असतो आणि त्याला पाणी आवडतं. खडबडीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव आणखी तीव्र करतो, म्हणून कोरलेला ताजा धातू सपाट धातूपेक्षाही जोरात पाणी ओढतो. नंतर हवेतले सेंद्रिय रेणू त्यावर हळूहळू बसतात, स्वभाव उलटतो, आणि मग त्याच खाचा पाणी झटकायला लागतात. २००९ साली कीट्झिग आणि सहकाऱ्यांनी फेमटोसेकंद (अतिशय छोट्या झटक्यांच्या) लेसरने कोरलेल्या अनेक मिश्रधातूंवर हा बदल दाखवला आणि त्याचं कारण पृष्ठभागावर साचणारा कार्बन असल्याचं मांडलं. साध्या नॅनोसेकंद (त्याहून लांब झटक्यांच्या) मार्किंग मशीनवरही हेच घडतं.

म्हणून या कामाचे दोन वेगळे भाग धरा: आधी आकार, मग रसायन. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. आकडे १०६४ नॅनोमीटरच्या, २० वॅटच्या नॅनोसेकंद फायबर लेसर मार्किंग मशीनसाठी दिले आहेत, कारण बहुतेकांच्या हाताशी तेच असतं.

टप्पा १: नक्की काय हवं ते लिहून काढा

‘पाणी टिकू नये’ हे वाक्य पुरेसं नाही. दोन वेगळे कोन ध्यानात ठेवा. पहिला संपर्ककोन: थेंबाची कड धातूला जिथे टेकते तिथे थेंबाच्या आतून मोजलेला कोन. ९० अंशांच्या खाली पृष्ठभाग पाणी ओढतो, वर गेला की झटकायला लागतो, १५० च्या वर गेला की त्याला अतिजलविकर्षक म्हणण्याची रीत आहे. दुसरा घरंगळण्याचा कोन: पृष्ठभाग किती तिरका केल्यावर थेंब निघून जातो. तो १० अंशांच्या आत असेल तरच पृष्ठभाग खऱ्या अर्थाने पाणी सोडतो.

१५० अंशांचा सुंदर गोल थेंब तुकडा उलटा केला तरी चिकटून राहिलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. तिथे पाणी खाचांत उतरलेलं असतं. थेंब टोकांवर उभा असेल आणि खाली हवा अडकलेली असेल तेव्हाच तो घरंगळतो. पहिल्या अवस्थेला वेन्झेल अवस्था म्हणतात, दुसरीला कॅसी–बॅक्स्टर अवस्था. फोटोत दोन्ही सारख्याच दिसू शकतात.

पाण्याचे थेंब नुसते टेकणार आहेत, वरून पडणार आहेत, की दव धरणार आहे, हेही आताच लिहा. कोरायच्या रेघांच्या जाळीचं माप त्यावरून ठरतं.

टप्पा २: सुरक्षेची तयारी, मशीन सुरू करण्याआधी

१०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटण्याची सवय इथे वाचवत नाही. मशीन बंदिस्त नसेल तर त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा घाला. दुसऱ्या रंगाच्या लेसरचा चष्मा इथे निरुपयोगी आहे. चकचकीत तुकड्यावरून परतलेला किरणही थेट किरणाइतकाच घातक समजा.

मार्किंगपेक्षा टेक्श्चरिंगमध्ये (म्हणजे अशा खाचा कोरताना) धातू पुष्कळ जास्त उडतो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेलची संयुगं असतात आणि ती श्वासात जाऊ देण्यासारखी नाहीत. धूर ओढणाऱ्या नळीचं तोंड जॉबपासून हाताच्या अंतरावर ठेवून उपयोग नाही, अगदी जवळ हवं, आणि मागे बारीक कण अडवणारा फिल्टर हवा. बेरिलियम असलेलं तांबं लेसरखाली घेऊच नका.

सावधान: ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची बारीक धूळ पेट घेते. ॲल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाच्या ऑक्साइडची धूळ एकाच फिल्टरमध्ये साठू देऊ नका. ठिणगी पडली तर ते मिश्रण प्रचंड तापमानाने जळतं. जळत्या धातूच्या धुळीवर पाणी मारू नका. कोरडी वाळू जवळ ठेवा.

टप्पा ३: तुकड्याची तयारी

शिकण्यासाठी ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसपासून सुरुवात करा. तांबं आणि ॲल्युमिनियम या तरंगलांबीचा बराचसा प्रकाश परत फेकतात, त्यामुळे त्यांची सेटिंग वेगळी येते आणि नवख्याला चूक लेसरची की धातूची हे कळत नाही. पत्रा निदान १ मिमी जाडीचा घ्या. पातळ पत्रा तापून वाकतो आणि वाकला की फोकस गेला.

पृष्ठभाग आरशासारखा चमकवायची गरज नाही. पण सगळे तुकडे सारखे हवेत. एकाच नंबरच्या पॉलिश पेपरने, एकाच दिशेने घासा. जुने ओरखडे राहिले तर थेंब त्यांच्या दिशेने लांबतो आणि तुम्ही लेसरला दोष देत बसता.

मग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये आधी ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, शेवटी डिस्टिल्ड पाणी, प्रत्येकी ५ ते १० मिनिटं. क्रम उलटा करू नका. ॲसिटोन तेल काढतं, पण वाळताना स्वतःचा डाग सोडतं, आणि तो अल्कोहोलने उतरतो. ही द्रावकं लगेच पेट घेतात, म्हणून ती थेट बाथच्या टाकीत न ओतता झाकणाच्या छोट्या बीकरमध्ये घ्या आणि टाकीत पाणी ठेवा. तुकडा पूर्ण वाळल्याशिवाय लेसरखाली नेऊ नका.

सावधान: क्लोरीन असलेल्या द्रावकाने पुसलेला तुकडा लेसरखाली कधीच नको. राहिलेला अंश तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतात.

तपासणी: स्वच्छ तुकड्यावर डिस्टिल्ड पाणी ओता. पाण्याची सलग पातळ फिल्म राहिली तर तेल गेलं. फिल्म मध्येच फाटून ठिपके पडले तर परत धुवा. इथून पुढे तुकडा चिमट्यानेच धरा, हातमोज्यानेही नको.

टप्पा ४: फोकस आणि ठिपक्याचा खरा आकार

लेन्सवर लिहिलेल्या अंतरावर विसंबू नका. एक फालतू पत्रा थोडा तिरका ठेवा आणि त्यावर उताराच्या दिशेने एक लांब रेघ मारा. रेघ जिथे सगळ्यात बारीक आणि ठळक आली ती उंची म्हणजे फोकस. हे दोन मिनिटांत होतं आणि आठवडाभराचा गोंधळ वाचवतं.

ठिपक्याचा आकार हिशोबाने काढायचा तर तरंगलांबी, लेन्सचं फोकल अंतर, किरणाचा दर्जा (M² हा आकडा, आदर्श किरणाला १) आणि ४ यांचा गुणाकार करा आणि त्याला पाय (π) गुणिले लेन्सवर येणाऱ्या किरणाचा व्यास याने भागा. १६० मिमीची लेन्स, ७ मिमीचा किरण आणि किरणाचा दर्जा १.५ धरला तर ठिपका साधारण ४६ मायक्रॉन येतो. अशा ठिपक्याची फोकसची खोली वर-खाली सुमारे १ मिमी असते, म्हणजे पाव मिमीचा बाक चालून जातो, दोन मिमीचा नाही.

हिशोब दिशा देतो, पण जाळी आखायला खऱ्या खाचेची रुंदी लागते. एक रेघ मारून ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. नॅनोसेकंद लेसरमध्ये धातू वितळून दोन्ही कडांना वर येतो, आणि पाणी टेकतं ते याच कडांवर. म्हणून रुंदी मोजताना आतली खाच वेगळी आणि कडेसकटची रुंदी वेगळी, असे दोन आकडे लिहा.

तपासणी: तीच रेघ लेसर पोचतो त्या क्षेत्राच्या मध्यभागी आणि कोपऱ्यात मारून पाहा. कोपऱ्यात ठिपका लांबट होतो. फरक दिसला तर काम मधल्या भागातच ठेवा.

टप्पा ५: जाळीचं गणित

इथे घाई करू नका. बहुतेक फसलेले तुकडे इथेच फसलेले असतात, लेसर सुरू होण्याच्या आधी.

नुसत्या समांतर रेघा मारल्या तर थेंब रेघांच्या दिशेने सहज सरकतो आणि आडवा अडकतो. पाणी एकाच दिशेने वाहायचं असेल तर हा गुण आहे. नाहीतर आडव्या-उभ्या रेघांची जाळी मारा, म्हणजे मधे चौकोनी खांब उरतात.

थेंब खांबांच्या माथ्यावर उभा राहणार, म्हणून माथ्यांचं क्षेत्रफळ एकूण क्षेत्राच्या किती अंश आहे ते काढा. खाच ५० मायक्रॉन रुंद आणि दोन रेघांतलं अंतर १०० मायक्रॉन असेल तर खांब ५० मायक्रॉनचा उरतो आणि माथ्यांचा वाटा पाव भाग. अंतर ७५ केलं तर खांब २५ मायक्रॉनचा आणि वाटा फक्त ०.११.

आता कॅसी–बॅक्स्टरचं सूत्र लावा: सपाट पृष्ठभागाच्या कोनाच्या कोसाइनमध्ये १ मिळवा, त्याला माथ्यांच्या वाट्याने गुणा, त्यातून १ वजा करा. जे येईल तो नव्या कोनाचा कोसाइन. सेंद्रिय थर बसलेल्या सपाट धातूचा कोन १०५ अंश धरला तर १०० मायक्रॉनच्या जाळीला सुमारे १४५ अंश मिळतात आणि ७५ च्या जाळीला सुमारे १५७. नुसत्या समांतर रेघांमध्ये माथ्यांचा वाटा अर्धा असेल तर हा आकडा १२९ च्या आसपास अडकतो. ५० मायक्रॉनच्या खाचेने १०० च्या रेघा मारून ‘१५० का येत नाही’ असं विचारणाऱ्यांना उत्तर या हिशोबातच मिळतं. पॉवर वाढवून ते येणार नव्हतंच.

मग अंतर आणखी कमी करावं का? एका हद्दीपर्यंतच. ५० मायक्रॉनच्या खाचेने ५० चं अंतर ठेवलं तर खांब उरतच नाहीत, सगळं खरवडलं जातं आणि पृष्ठभाग नियमित जाळीऐवजी ओबडधोबड होतो. त्यानेही कधीकधी पाणी झटकलं जातं, पण पुढच्या तुकड्यावर तेच येईल याची खात्री राहत नाही.

याची दुसरी बाजू फार कमी जण पाहतात. खांब बारीक आणि विरळ केले की कोन वाढतो, पण खाली अडकलेल्या हवेची पाणी पेलण्याची ताकद घटते. ढोबळ हिशोबाने ५० मायक्रॉन रुंद समांतर खाचा, भिंतीचा मूळ कोन १०५ धरून, साधारण ७५० पास्कल पेलतात, म्हणजे ७ ते ८ सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. ७५ च्या जाळीतले २५ मायक्रॉनचे खांब त्याच्या निम्म्याइतकंच पेलतात. उंचीवरून पडणारा थेंब ज्या गतीने आदळतो, तिचा दाब त्या उंचीइतक्या पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. म्हणजे नुसत्या या जाळीवर ४ सेंटिमीटरवरून पडलेला थेंबही आत शिरू शकतो. प्रत्यक्षात लेसरने भिंतींवर जे अतिसूक्ष्म दाणे जमतात, त्यांच्यामुळे भिंतीचा कोन वाढतो आणि ताकद पुष्कळ सुधारते. तरीही दिशा लक्षात ठेवा: थेंब जोरात पडणार असतील तर तेच प्रमाण ठेवून सगळी जाळी लहान करा. कमी फोकल अंतराची लेन्स घेतली की ठिपका लहान होतो आणि माप निम्मं झालं की ताकद दुप्पट होते.

पल्सचं, म्हणजे लेसरच्या एकेका झटक्याचं, अंतरही तपासा. वेगाला फ्रीक्वेन्सीने (सेकंदाला किती पल्स, त्याने) भागलं की ते मिळतं. सेकंदाला २०० मिमी आणि २० किलोहर्ट्झ म्हणजे दर १० मायक्रॉनला एक पल्स. ४६ मायक्रॉनच्या ठिपक्याला हे भरपूर एकावर एक आहे आणि खाच सलग येते. वेग दहापट केला तर सुटे खड्डे पडतात आणि जाळी राहत नाही.

टप्पा ६: चाचणी पट्टी, मग खरा जॉब

एका पट्टीवर १० मिमीचे १५ चौकोन आखा. अंतर ५०, ७५, १००, १५० आणि २०० मायक्रॉन. प्रत्येकासाठी १, ३ आणि ५ फेऱ्या. पॉवर निम्मी, २० किलोहर्ट्झ, वेग २०० मिमी. सोळावा चौकोन मोकळा सोडा. तो तुमचा आधार आहे, कारण रसायनाने सपाट धातूवर किती कोन आला हे फक्त तोच सांगतो.

एका पट्टीत अंतर आणि फेऱ्या एवढंच बदला. पॉवर, वेग आणि फ्रीक्वेन्सी यांना हात लावायचा असेल तर दुसरी पट्टी घ्या.

मारताना या गोष्टी पाहा:

१. सगळ्या आडव्या फेऱ्या संपवून मग उभ्या मारू नका, आलटून पालटून मारा. नाहीतर उभ्या रेघांचा उडालेला धातू आडव्या खाचा बुजवतो.

२. रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी किरण फिरवणारे आरसे हळू होतात, तिथे खोल खड्डे पडतात. जाळी जॉबच्या हद्दीच्या थोडी बाहेरपर्यंत आखा किंवा सॉफ्टवेअरमधले लेसर सुरू-बंद होण्याचे विलंब जुळवा.

३. धूर ओढणारा पंखा प्रत्येक चौकोनाला सारखाच ठेवा. धूर परत बसला तर रंग आणि दाणे दोन्ही बदलतात.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. १० मिमीचा चौकोन, १०० मायक्रॉनची जाळी, दोन्ही दिशा, २०० मिमी वेग: एका फेरीला १० सेकंद. तीच जाळी १०० मिमीच्या चौकोनावर फेरीला जवळपास १७ मिनिटं घेते, पाच फेऱ्यांना सुमारे ८३. मोठा जॉब हाती घेतल्यावर मधेच वेग वाढवण्याचा मोह इथून येतो, आणि त्याने चाचणीचा सगळा अर्थ जातो.

तपासणी: सूक्ष्मदर्शकाखाली खांबाचा माथा सपाट आणि मूळ धातूचा दिसायला हवा. माथा गोल वितळलेला असेल तर ऊर्जा जास्त झाली. खाचेच्या तळाशी सुटी काळी भुकटी भरली असेल तर फेऱ्या जास्त किंवा धूर ओढणं कमी.

टप्पा ७: भुकटी काढणं

हा टप्पा गाळला तर निकाल खोटा चांगला येतो. सुटी भुकटी स्वतः पाणी झटकायला मदत करते, पण पहिल्याच दहा-वीस थेंबांबरोबर वाहून जाते आणि पृष्ठभाग ‘अचानक बिघडला’ असं वाटतं. कोरड्या, तेलविरहित हवेने फुंकर मारा. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं, ती वापरू नका. मग अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकला ३ ते ५ मिनिटं. कापडाने पुसू नका, धागे खाचांत अडकतात आणि बारीक टोकं मोडतात.

तपासणी: इथे थेंब टाकलात तर तो पसरून जिरायला हवा. तेच बरोबर आहे. या क्षणी थेंब गोल उभा राहिला तर कुठूनतरी तेल लागलं आहे.

टप्पा ८: रसायन

तीन मार्ग आहेत. प्रत्येक पट्टीसाठी एकच निवडा आणि नोंदवून ठेवा.

पहिला, नुसतं थांबणं. तुकडा स्वच्छ खोलीत झाकून, पण हवा लागेल असा ठेवा. बदलाला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत लागू शकतात आणि तो खोलीतल्या हवेवर अवलंबून असतो. म्हणूनच एकाच दिवशी कोरलेले दोन तुकडे वेगळ्या कपाटांत ठेवले तर वेगळे वागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा सिलिकॉन ग्रीस लावलेल्या डबीत ठेवू नका. त्यातून निघणारे रेणू तुकड्यावर बसतात. कोन चांगला येतो, पण तुमच्या पृष्ठभागाचा नाही, डबीचा. रोज थेंब टाकून बघण्याची सवयही सोडा. ओला झालेला ताजा तुकडा मागे पडतो.

दुसरा, हलकी उष्णता. ओव्हनमध्ये सुमारे १०० अंश सेल्सिअसला ६ ते २४ तास ठेवला की स्टेनलेसवर तोच बदल आठवड्यांऐवजी दिवसात होतो. घाईच्या कामाला मी हाच मार्ग आधी सुचवेन, कारण त्यात नवं रसायन येत नाही. पण तापमान वाढवून वेळ आणखी वाचवायचा प्रयत्न करू नका. ३०० अंशांच्या वर सेंद्रिय थरच जळू लागतो आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी ओढायला लागतो. ज्या ओव्हनमध्ये रंग किंवा चिकट पदार्थ सुकवले जातात तो वापरू नका. मोजण्याआधी तुकडा पूर्ण थंड होऊ द्या.

तिसरा, मुद्दाम थर देणं. स्टिअरिक आम्ल इथेनॉलमध्ये लिटरला सुमारे ३ ग्रॅम विरघळवा, तुकडा तासभर बुडवा, मग ताज्या इथेनॉलने नीट धुवा आणि ६० अंशांच्या आसपास सुकवा. ॲल्युमिनियम आणि तांब्यावर हे चांगलं बसतं. स्टेनलेसवर पकड कमी पडते, तिथे उष्णतेचा मार्ग बरा. धुणं अर्धवट राहिलं तर पांढरा मेणकट थर दिसतो. मेण खाचा भरून टाकतं. तांब्याला रात्रभर बुडवून ठेवू नका, आम्ल तांब्याशी क्रिया करून स्वतःचे फुलोरे उगवतं आणि मोजलेली जाळी त्याखाली झाकली जाते. द्रावण कोमट करायचं तर गरम पाण्यात भांडं ठेवून करा, आगीवर नाही.

फ्लोरिनयुक्त सिलेन या थर देणाऱ्या रसायनाने कोन आणखी वर जातो. पण ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत आणि १५० अंशांसाठी बहुतेकदा त्यांची गरजच नसते. सपाट पृष्ठभागावर त्यांनीही कोन १२० च्या पुढे जात नाही. बाकीचं काम जाळीलाच करावं लागतं. जाळी चुकलेली असेल तर महागड्या थराने ती झाकली जाते, सुधारत नाही.

तपासणी: मोकळ्या सोळाव्या चौकोनाचा कोन मोजा. तो ९० च्या वर गेला नसेल तर रसायन झालेलं नाही, आणि अशा वेळी जाळीबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका.

टप्पा ९: मोजणी

डिस्टिल्ड पाणी वापरा. नळाच्या पाण्याने क्षार उरतात, साबणाचा लवलेशही पृष्ठताण पाडतो. थेंब ५ मायक्रोलिटरचा घ्या, त्याचा व्यास २ मिमीच्या थोडा वर येतो. चांगल्या पृष्ठभागावर एवढा थेंब सुईवरून सुटतच नाही, तो सुईलाच लटकून परत वर येतो. हे अपयश नाही, चांगली खूण आहे. तेव्हा ८ ते १० मायक्रोलिटर घ्या. त्यापुढे थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो.

कॅमेरा थेंबाच्या पातळीला, प्रकाश मागून. भिंग लावलेला मोबाइलही चालतो, फक्त तो स्टँडवर हवा. फोटो इमेजजे सॉफ्टवेअरमध्ये मोजता येतो. १५० च्या वर गेल्यावर पायाची रेघ एक-दोन पिक्सेल वर-खाली झाली तरी कोन कित्येक अंशांनी बदलतो, म्हणून प्रत्येक चौकोनावर निदान तीन थेंब, तीन जागी. थेंब टाकल्यावर मिनिटभराच्या आत फोटो घ्या, पाणी उडत असतं.

मग तिरका करून पाहा. थेंब ठेवा, तुकडा सावकाश उचला, घरंगळला त्या क्षणीचा कोन लिहा. जाळीच्या रेघांच्या दिशेने आणि तिरक्या दिशेने, दोन्ही. दोन चौकोनांत निवड करायची वेळ आली तर मी संपर्ककोनातले पाच अंश सोडून देतो आणि लवकर घरंगळणारा चौकोन घेतो.

निकाल असे वाचा. कोन मोठा, पण थेंब चिकटतो: पाणी खाचांत शिरलं आहे, तेच प्रमाण ठेवून सगळी जाळी लहान करा किंवा फेऱ्या वाढवून खाच खोल करा. कोन १२० ते १४० मध्ये अडकला: माथ्यांचा वाटा जास्त आहे. काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी वाईट: फोकस किंवा बोटांचे ठसे. सगळीकडे पसरतो: रसायन व्हायचं आहे.

टप्पा १०: टिकेल का ते पाहणं

ज्या कामासाठी पृष्ठभाग बनवला त्याच कामाची परीक्षा घ्या. तुकडा पाण्याखाली तिरका धरून पाहिला तर चांदीसारखी चमक दिसते, ती अडकलेली हवा. चमक किती वेळ टिकते ते लिहा. थेंब ठरलेल्या उंचीवरून सोडा. चिकटपट्टी दाबून ओढा आणि परत मोजा.

दवाची परीक्षा वेगळी घ्याच. तुकडा थंड करून दमट हवेत आणा. टेकवलेला थेंब माथ्यांवर उभा राहतो, पण दव खाचांच्या आतच तयार होतं आणि पृष्ठभाग आतून भरतो. थेंबाच्या सगळ्या परीक्षा पास झालेले तुकडे इथे नापास होतात. दव हाच तुमचा प्रश्न असेल तर मोठ्या जाळीवर वेळ घालवू नका, फार बारीक मापाचं टेक्श्चर लागेल.

स्टेनलेसबाबत आणखी एक. लेसरच्या उष्णतेने वरचा संरक्षक थर बिघडतो आणि गंज धरू शकतो. खारट पाण्यात वापर असेल तर तुकडा मिठाच्या पाण्यात काही दिवस ठेवून खाचांत तांबूस डाग येतात का ते पाहा. पाणी झटकतो म्हणून गंजणार नाही, हे गृहीत धरू नका.

टप्पा ११: काही भागच पाणी ओढणारा हवा असेल तर

पाणी ठरावीक वाटेने न्यायचं किंवा ठरावीक ठिपक्यांवर जमवायचं असेल तर पृष्ठभागाच्या काही भागावर रसायन नको असतं. लोक ते भाग झाकून थर देतात आणि झाकणाच्या कडेखाली द्रावण शिरतं. सोपा क्रम हा: आधी सगळीकडे जाळी, मग सगळीकडे रसायन, मग ज्या भागांना पाणी हवं तिथेच कमी ऊर्जेने लेसरची एक फेरी. सेंद्रिय थर जळतो, ताजा ऑक्साइड उघडा पडतो आणि तेवढाच भाग पाणी ओढतो.

हा उघडा भागही हवेत हळूहळू पालटतोच. म्हणून ही शेवटची फेरी वापराच्या अगदी आधी मारा, आणि नोंदवहीत तारखेबरोबर वेळही लिहा.